आतल्या माणसाची अर्हता

महाराष्ट्रात असे घर विरळाच, जिथे कपाटातल्या कागदपत्रांत एखाद्या सहकारी बँकेचे, नाहीतर पतसंस्थेचे पासबुक सापडणार नाही. आजोबांच्या ठेवीची पावती असते, आईने घरखर्चातून वाचवून उघडलेले आवर्त ठेवीचे खाते असते, गावाकडच्या सोसायटीचा जुना शेअर असतो. काऊंटरपलीकडचा माणूस आपल्याला नावानिशी ओळखतो, मुलीच्या लग्नाची चौकशी करतो, स्लिपवर तारीख चुकली तर तिथेच दुरुस्त करून घेतो. त्याचे शिक्षण किती, हे आपण कधी विचारलेले नसते. तो प्रश्न त्याला विचारला जातो, आणि तोही नोकरीला लागताना नव्हे. पंधरा-वीस वर्षे आत काम करून झाल्यावर तो वरची जागा मागतो, तेव्हा.

गेली बावीस वर्षे मी एका जिल्ह्याच्या गावी सहकारी संस्थांतल्या नोकरदारांसाठी संध्याकाळचा वर्ग चालवतो. प्राथमिक शाळेची एक खोली भाड्याने घेतली आहे. बाक चौथीच्या मुलांच्या मापाचे, आणि त्यांवर गुडघे दुमडून बसलेली पस्तीस-चाळिशीची माणसे. कोणी नागरी बँकेत शिपाई आहे, कोणी पतसंस्थेत लेखनिक, कोणी खेड्यातल्या सोसायटीचा सचिव. बहुतेकजण जी.डी.सी. अँड ए. म्हणजे सहकार व लेखा पदविकेच्या परीक्षेला बसणारे. राज्याच्या सहकार आयुक्तांच्या कार्यालयातर्फे साधारणपणे मे महिन्यात ही परीक्षा होते. सहा विषय असतात : हिशेबशास्त्र, लेखापरीक्षण, सहकाराचा इतिहास व व्यवस्थापन, कायदे, सहकारी पतपुरवठा आणि बाकीच्या सहकारी संस्थांचे व्यवहार. ती मराठीतून लिहिता येते, ही तिची मोठीच सोय.

वर्गात सर्वांत हुशार कोण, असे मला विचारले तर मी डोळे झाकून गटसचिवांकडे बोट दाखवीन. शहरी वाचकाला हा प्राणी ठाऊक नसेल. खेड्यातल्या विविध कार्यकारी सेवा सोसायट्या राज्यात वीस हजारांहून अधिक आहेत, आणि शेतकऱ्याचे पीककर्ज त्यांच्या हातून जाते. तीन-तीन, चार-चार गावांच्या सोसायट्या एकेका सचिवाच्या अंगावर असतात. हंगामाआधी सातबारा आणि आठ-अ गोळा करून कमाल मर्यादा पत्रक तयार करायचे. कोणाची जमीन किती, पीक कोणते, त्यावर कर्ज किती बसते हे सभासदागणिक मांडायचे. ते पंचकमिटीपुढे ठेवून जिल्हा बँकेकडे पाठवायचे, मंजुरी आली की उचल द्यायची, आणि मार्च जवळ आला की वसुलीसाठी उंबरे झिजवायचे. जो भरत नाही त्याच्यावर सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला मागायचा, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याच चुलतभावाच्या लग्नाला जेवायलाही जायचे. वर कीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद आहेतच. २०२२ च्या जूनमध्ये केंद्र सरकारने देशातल्या ६३ हजार प्राथमिक सोसायट्यांच्या संगणकीकरणाची योजना मंजूर केली, तेव्हापासून यातले बरेचसे संगणकावर चढवायचे कामही त्यात आले.

आता गंमत अशी की हा माणूस वागवतो जिल्हा बँकेचा पैसा, पण तो जिल्हा बँकेचा नोकर नसतो. सहकार कायद्यात कलम ६९-अ घालून सचिवांसाठी केडर आणि सेवायोजन निधी अशी व्यवस्था झाली. जिल्ह्यात देखरेख संस्था त्यांचे पाहू लागल्या. बँकेच्या सेवेत आम्हाला सामावून घ्या, ही गटसचिवांची मागणी फार जुनी आहे. बँकेत जागा निघते तेव्हा मात्र त्याला जाहिरातीतून, बाहेरच्या माणसासारखे अर्ज करून जावे लागते. जाहिरात सांगते : कोणत्याही शाखेचा पदवीधर, एवढे एवढे टक्के गुण, एम.एस.सी.आय.टी. उत्तीर्ण, वय अमुक वर्षांच्या आत. माझ्या वर्गातला एक सचिव बी.ए.च्या दुसऱ्या वर्षी वडील गेल्यामुळे कॉलेज सोडून या कामाला लागला होता. पुढे त्याच्या सोसायट्या पाहायला बँकेचे जे निरीक्षक आले ते चोवीस वर्षांचे पदवीधर. मुलगा सज्जन होता. पहिल्याच दिवशी म्हणाला, “सेक्रेटरी, हे कमाल मर्यादा पत्रक कसं भरतात ते जरा दाखवा ना.” यांनी दाखवले. मला हे सांगताना सचिवाच्या आवाजात तक्रार नव्हती. नव्या साहेबाचे अक्षर चांगले आहे, असे तो म्हणाला.

एकोणीसशे चारच्या कायद्याने या देशात सहकारी पतपेढ्या सुरू झाल्या तेव्हा अर्हतेचा प्रश्न कोणाला सुचलाही नसेल. गावात ज्याला लिहिता-वाचता येई आणि ज्याच्या नेकीवर गावाचा भरवसा असे, तो सचिव होई, पुष्कळदा शाळामास्तरच. १९११ मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी आणि सर लल्लूभाई सामळदास यांच्या पुढाकाराने मुंबईत मध्यवर्ती सहकारी बँक निघाली, तीच पुढे आपली राज्य सहकारी बँक झाली. तिची व्यवस्था वैकुंठभाई मेहता यांनी तरुण वयात हाती घेतली आणि तीन दशकांहून अधिक काळ सांभाळली. सहकारी बँकिंग शिकवणारे महाविद्यालय तेव्हा होते कुठे? ते शिकले ते बँकेत बसून आणि खेड्यांतून हिंडून.

पुढे ही भाबडी व्यवस्था पुरेना. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या ग्रामीण पतपुरवठा पाहणी समितीचा अहवाल १९५४ मध्ये बाहेर आला. १९५१-५२ साली शेतकऱ्याने जे कर्ज काढले त्यातला जेमतेम तीन टक्के वाटा सहकारी संस्थांचा होता, बाकी सावकार आणि आप्तेष्टांचा, हे त्यात दिसले. त्या सुमारास सहकारी नोकरांच्या प्रशिक्षणाची अखिल भारतीय व्यवस्था उभी राहिली होती, ती हळूहळू वाढत गेली. १९६६ च्या मार्चपासून बँकिंग नियमन कायदा सहकारी बँकांना लागू झाला आणि रिझर्व्ह बँकेची नजर तिथे पोहोचली. १९६७ मध्ये पुण्याला सहकारी व्यवस्थापनाची राष्ट्रीय संस्था निघाली. तिला नाव कोणाचे द्यावे? वैकुंठभाई मेहतांचे! सहकारातली प्रमाणपत्रे देणाऱ्या देशातल्या अग्रगण्य संस्थेवर नाव आहे ते काम करता करता शिकलेल्या माणसाचे. मला हे फार शोभून दिसते.

पण म्हणून शिक्षणाची अटच नको, असे मी म्हणत नाही. माझे काही विद्यार्थी तसे म्हणतात आणि त्यांच्याशी माझा वाद होतो. वीस वर्षे आवक-जावक सांभाळलेल्या माणसाला कर्जदाराचा ताळेबंद वाचता येईलच असे नाही. ठेवी असतात त्या तुमच्या-आमच्या. त्यांना विम्याचे संरक्षण १९९३ पासून एक लाखापर्यंत होते, ते २०२० च्या फेब्रुवारीत पाच लाखांपर्यंत गेले, त्यापलीकडची रक्कम बँकेच्या शहाणपणावर अवलंबून. आणि ‘विद्यमान कर्मचाऱ्यांना शैक्षणिक अर्हतेत सवलत’ या गोड वाक्याचा आपल्याकडे काय उपयोग झाला, हे जिल्ह्याजिल्ह्यांत लोकांनी पाहिले आहे. संचालकाचा भाचा आधी रोजंदारीवर शिपाई म्हणून आत येतो. जाहिरात नाही, परीक्षा नाही. दोन वर्षांत तो कायम होतो, तिसऱ्या वर्षी विद्यमान कर्मचारी म्हणून सवलत घेऊन लेखनिक होतो. बाहेर रांगेत उभा असलेला बी.कॉम. मुलगा मग चिडतो, आणि त्याचे चिडणे रास्त आहे. गेल्या काही वर्षांत भरती त्रयस्थ संस्थेकडून, ऑनलाइन परीक्षा घेऊन करावी असा आग्रह धरला गेला तो याच कारणाने.

तरीही एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. सहकारी बँका बुडाल्या किंवा बुडायला आल्या, त्या कारकुनांच्या शिक्षणापायी नव्हे. २००१ मध्ये अहमदाबादची माधवपुरा बँक गेली ती शेअर दलालाला दिलेल्या कर्जांमुळे. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले आणि मुंबईत वृद्ध ठेवीदार रस्त्यावर उतरले. तिथे कर्जांचा बहुतांश एकाच बांधकाम उद्योगसमूहाकडे गेला होता आणि तो हजारो बनावट खात्यांआड झाकला होता. या प्रकरणांनंतर नियम कडक झाले ते योग्यच झाले. ते वरपासून खालपर्यंत सारख्याच न्यायाने कडक झाले का, हे मात्र पाहण्यासारखे आहे.

रिझर्व्ह बँकेने २०२१ च्या जूनमध्ये नागरी सहकारी बँकांच्या व्यवस्थापकीय संचालकांसाठी अर्हता ठरवून दिली. पदवी हवी, तिच्या जोडीला शक्यतो सी.ए.आय.आय.बी., बँकिंगची किंवा सहकारी व्यवस्थापनाची पदविका, नाहीतर सनदी लेखापाल किंवा पदव्युत्तर पदवी. वय पस्तीस ते सत्तर. आणि बँकिंग क्षेत्रात मध्यम किंवा वरिष्ठ पदावरचा किमान आठ वर्षांचा अनुभव, ज्यात त्याच बँकेतला अनुभवही धरला जातो. म्हणजे सर्वांत वरच्या खुर्चीसाठी अनुभवाचे वजन आकड्यात सांगितले आहे. खाली शिपायाला लेखनिक व्हायचे असते तेव्हा कित्येक बँकांच्या सेवानियमांत त्याच्या बारा वर्षांची किंमत शून्य असते. पदवी असेल तर बोला.

न्यायालये याबाबत काय म्हणतात, असा प्रश्न वर्गात दरवर्षी येतो. उत्तर नोकरदाराला फारसे सुखावणारे नाही. जम्मू-काश्मीरच्या अभियंत्यांचे प्रकरण १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकालात काढले. सहायक अभियंते पदवीधारकही होते आणि पदविकाधारकही. काम तेच, हुद्दा तोच. नव्या नियमाने कार्यकारी अभियंता होण्याची वाट पदविकावाल्यांना बंद केली. न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड यांनी, जे पुढे सरन्यायाधीश झाले, निकालपत्र लिहिले आणि शिक्षणाच्या आधारे बढतीत असा भेद करणे घटनेला धरून आहे असे ठरवले. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर सहमत झाले, पण अशा वर्गवारीचा अतिरेक होऊ नये असा इशारा त्यांनी स्वतंत्रपणे लिहून ठेवला. तेव्हापासून ‘मी तेच काम करतो’ एवढ्या युक्तिवादावर बढती मिळत नाही.

आणि शिक्षण जास्त असणेही कधी अडचणीचे होते. पंजाब नॅशनल बँकेने शिपायाच्या जागेची जाहिरात काढली तेव्हा उमेदवार बारावी उत्तीर्ण असावा, पण पदवीधर नसावा अशी अट होती. एकाने आपली पदवी लपवून अर्ज केला, ती उघडकीला आली आणि २०२० च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बँकेच्या बाजूने निकाल दिला. कमी शिकलेला वर चढू शकत नाही आणि जास्त शिकलेला खाली बसू शकत नाही! वर्गात हे सांगितले की मागच्या बाकावरचे शिपाई मंडळी खो खो हसतात. त्यांच्यातल्या दोघांजणांकडे पदवी आहे, आणि दोघांनीही ती लपवलेली नाही. त्यांना ती कोणी विचारलीच नव्हती.

मला स्वतःला पटतो तो १९८८ चा दिल्ली विकास प्राधिकरणाचा निकाल. तिथेही पदवी विरुद्ध पदविका असाच झगडा होता, पण नियम वेगळा होता. पदवीधर सहायक अभियंत्याला वरच्या जागेसाठी आठ वर्षांची सेवा पुरे, पदविकाधारकाला दहा. सर्वोच्च न्यायालयाने तो नियम उचलून धरला. यात पदवीचा मान राहतो आणि कामाचाही. एका पदवीची किंमत दोन वर्षे की पाच, यावर वाद घालता येईल, घालावाही. पण दोन्ही एकाच तराजूत बसतात हे तरी मान्य झाले.

केरळात तर अशी वाट फार आधीपासून आहे. तिथल्या जिल्हा सहकारी बँकांत थेट भरतीच्या निम्म्या जागा सभासद प्राथमिक संस्थांच्या नोकरांसाठी राखून ठेवण्याची तरतूद होती. निवड राज्य लोकसेवा आयोगाकडून होई. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये जिल्हा बँका राज्य बँकेत विलीन होऊन केरळ बँक झाली, तरी संस्थांच्या कर्मचाऱ्यांचा वेगळा गट भरतीत राहिला. म्हणजे खेड्यातल्या सोसायटीचा लेखनिक बँकेच्या परीक्षेला बसतो तो आपल्यासारख्यांच्या गटात, नुकत्याच कॉलेजातून बाहेर पडलेल्यांच्या गटात नव्हे. परीक्षा मात्र चुकत नाही. शिवाय दहावी झालेल्यांसाठी सहकाराची कनिष्ठ पदविका आणि पदवीधरांसाठी उच्च पदविका, अशा दोन पायऱ्या तिथे बांधलेल्या आहेत. आपल्याकडे ३१ जिल्हा बँका, त्यांतल्या काही भक्कम, काही डबघाईला आलेल्या. पण गटसचिवाला असा वेगळा दरवाजा ठेवावा, यावर सहकार परिषदांतून जेवढी भाषणे झाली तेवढे काम झाले नाही.

आता एका ताईंबद्दल सांगतो. नाव सांगत नाही, गाव सांगत नाही. नवरा एका नागरी बँकेत शिपाई होता. तो अपघातात गेला आणि अनुकंपा तत्त्वावर या त्याच जागेवर लागल्या. तेव्हा त्यांचे शिक्षण बारावी, मुलगा तीन वर्षांचा. चहा देणे, व्हाऊचर एका टेबलावरून दुसऱ्यावर नेणे, संध्याकाळी ती तारखेवार बांधणे, हे काम. दोन-तीन वर्षांत त्या क्लिअरिंगच्या चेकांची यादी करू लागल्या, कारण कारकून कमी होते. कोणी रजेवर गेला की पासबुके भरून देऊ लागल्या. हुद्दा शिपायाचाच. बँकेच्या सेवानियमात तेव्हा असे होते की बारावी उत्तीर्ण शिपाई दहा वर्षांच्या सेवेनंतर खात्यांतर्गत परीक्षा देऊन लेखनिक होऊ शकतो. त्यांची नऊ वर्षे झाली होती.

त्या वर्षी संचालक मंडळाने नियम बदलला. लेखनिकाला पदवी, आणि तीही दहावी, बारावी, मग तीन वर्षे अशा रीतसर क्रमाने घेतलेली. ठराव पुढच्या भरतीसाठी होता, पण लागू झाला तो आधीच आत असलेल्यांनाही. ताई माझ्याकडे ठरावाची प्रत घेऊन आल्या. “सर, नियम करणाऱ्यांना बारावीची बाई काऊंटरला बसलेली चालत नसेल तर ठीक आहे,” त्या म्हणाल्या, “पण मग मी रोज बसते ती कशी चालते?”

माझ्याजवळ उत्तर नव्हते, माहिती होती. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून अशाच लोकांसाठी आहे. बारावी झालेल्याला तिथली पदवी तीन वर्षांत मिळते आणि ताईंच्या बँकेची क्रमाची अटही त्यात सांभाळली जाते. (दहावी-बारावी न करता पूर्वतयारी परीक्षेतून पदवीला गेलेल्यांची मात्र अशा अटीपाशी अडवणूक होते, हे अर्ज करण्याआधीच पाहून ठेवावे.) दुसरे म्हणजे मुंबईची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग अँड फायनान्स. १९२८ पासूनची ही संस्था. तिची जे.ए.आय.आय.बी. ही परीक्षा फक्त साहेबांसाठी आहे असा सार्वत्रिक गैरसमज आहे. मान्यताप्राप्त बँकेतला शिपाईसुद्धा, संस्थेचा सभासद असला आणि बारावी झाला असला, की तिला बसू शकतो. हे बँकेतल्या किती शिपायांना माहीत असते? आणि व्यवस्थापकांपैकी किती जण सांगतात? अडचण एकच, ती इंग्रजीतून नाहीतर हिंदीतून द्यावी लागते. ताईंनी हिंदी घेतली. शाळेत हिंदीत पंचाऐंशी होते, असे त्यांनी मला अभिमानाने सांगितले.

अभ्यास कधी करता, असे मी विचारले. पहाटे साडेचार ते सहा, कारण सहाला नळ येतो. मुलगा आता अकरावी कॉमर्सला आहे. हिशेबाची उदाहरणे तो सोडवून दाखवतो आणि आई चुकली की तिच्याच आवाजात ओरडतो. सासूबाई आधी कुरकुरल्या. नंतर एके दिवशी शेजारणीला त्या सांगत होत्या की आमची सून बँकेची परीक्षा देते आहे, आणि तो मजकूर भिंतीपलीकडून ताईंच्या कानावर आला. परीक्षेच्या दिवशी रजा मिळते का, या प्रश्नावर त्या नुसत्या हसल्या. रजेच्या अर्जावर कारण ‘घरगुती’ लिहावे लागते. ‘परीक्षा’ लिहिले की काऊंटरवरचा कोणी ना कोणी विचारतो, कशाला आता या वयात?

मी त्यांना आणखी एक काम दिले. बँकेला लेखी अर्ज करायचा, की जुना नियम असताना सेवेत आलेल्यांना नव्या अटीसाठी पाच वर्षांची मुदत द्यावी, आणि मुदतीत पदवी किंवा बँकिंगची परीक्षा यांपैकी एक पुरेशी धरावी. अर्ज मराठीतच लिहिला, दीड पानाचा. युनियनच्या सेक्रेटरीने त्यावर सह्या जमवायला सुरुवात केली तेव्हा कळले की त्या एका बँकेत नियमाच्या या बाजूला राहिलेले अकरा जण आहेत. त्यांच्यात एक गृहस्थ असे, की ज्यांनी संचालक मंडळाचा तो ठराव स्वतः टाइप केला होता.

अर्जावर अजून निर्णय नाही. विषयपत्रिकेवर तो दोनदा आला आणि वेळेअभावी पुढे गेला. जे.ए.आय.आय.बी.चे चार पेपर असतात. ताईंचे दोन सुटले आहेत. हिशेबाचा राहिला आहे, म्हणून मी त्यांना आठवड्यातून दोन दिवस वर्ग सुटल्यावर अर्धा तास जास्त बसवतो. त्या बसतात, आणि साडेआठ वाजले की पिशवी उचलून शेवटची बस गाठायला पळतात.